उठताना 'गेली' म्हणायचं

मी पायांकडून जन्मले. आईचा जीव जाता जाता वाचला आणि मी जन्मभराची पायाळू ठरले. पायाळू माणसाच्या उजव्या पायाला गुण असतो, पाठीत भरलेली उसण त्याची लाथ लागली की निघते, हे आमच्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. माझ्या लग्नाच्या बोलण्यांत सासूबाईंनी रंग, शिक्षण, स्वयंपाक यातलं काहीच विचारलं नाही. पोरगी खरंच पायाळू आहे ना, एवढंच विचारलं. भातशेतीचं घर होतं, लावणीच्या दिवसांत निम्म्या गावाच्या पाठी धरायच्या. पायाळू सून म्हणजे घरचाच डॉक्टर.

आता आमच्या शिरगावात भात उरलं नाही, बिल्डिंगी आल्या. पाठी मात्र होत्या तशाच राहिल्या. रिक्षावाले, भाजीवाल्या, बँकेतल्या मॅडम, सगळे यायचे. पद्धत ठरलेली. उसण भरलेल्यानं उंबऱ्याशी पालथं पडायचं, मी उजवा पाय तीनदा पाठीला लावायचा, तोवर दोघांनी तोंड उघडायचं नाही. आणि उठताना त्यानं 'गेली' म्हणायचं. न म्हणता उठला तर उसण परत भरते. बाकीचे पायाळू नुसता पाय टेकवतात. मी टाच रोवायचे, कारण अर्धवट काम मला कधी जमलंच नाही. चोवीस वर्षांत एकही माणूस 'गेली' न म्हणता माझ्या उंबऱ्यावरून उठला नाही. त्याचा मला केवढा माज होता, हे आता लिहितानाही लाज वाटते.

मी उल्हासनगरात पडद्याच्या कापडाच्या दुकानात कामाला आहे. गिऱ्हाईक नेहमी ढिगाच्या तळातलाच ताका मागतं, हा त्या धंद्याचा नियमच असावा. त्या दुपारी एका बाईंना सगळ्यात खालची मखमल हवी होती. मी वाकून ताका ओढला आणि कमरेत काहीतरी झालं. आवाज झाला की नाही, सांगता येणार नाही, पण मी फरशीवर बसले होते आणि मला उठता येत नव्हतं. आमचे म्हातारे सिंधी शेठ सोफ्याची उशी घेऊन धावत आले. "अरे बाई, हिलना मत, हिलना मत," म्हणत स्वतःच थरथरत होते. मी त्यांच्यावरच खेकसले. म्हटलं, उसण आहे, दोन दिवसांत कामावर येते.

घरी आणल्यावर सासूबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि निदान करून टाकलं. "उसन भरली तुला. दुसरा पायालू बघावा लागंल." स्वतःची लाथ स्वतःच्या पाठीला लागत नाही, ही पायाळूची गोची. दिरांनी चिखलोलीहून एक गृहस्थ आणले. चांगले भरदार होते, ऐंशी-पंच्याऐंशी किलोचे असतील. मी उंबऱ्याशी पालथी पडले. त्यांनी चवड्यानं नुसता स्पर्श केला. मला राग आला. बोलायचं नसतं हा नियम मोडून मी म्हटलं, "असं काय घाबरता? पूर्ण भार द्या. मी देते."

त्यांनी दिला. कमरेतून एक कळ निघाली ती थेट उजव्या अंगठ्यापर्यंत गेली आणि मग एकदम सगळं शांत झालं. पायात मुंग्यासुद्धा नव्हत्या. सगळे माझ्याकडे बघत होते. सासूबाई, दीर, आणि कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर पट्टा बांधून बसलेल्या माझ्या थोरल्या जाऊबाई. मी भिंतीला धरून उठले आणि म्हणाले, "गेली."

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीत गेले. मागून जाऊबाईंनी हाक मारली, "अगो, तुझी एक चप्पल हितंच राहिली." मी खाली पाहिलं. उजवा पाय अनवाणी होता. चप्पल कधी निघाली ते मला कळलं नव्हतं. पाऊल उचलायला गेले तर ते घोट्यापासून लोंबत होतं, दुसऱ्या कोणाचं असावं तसं. मी ओल्या लादीवर तशीच उभी राहिले. ज्या पायासाठी मला या घरात आणलं, तोच पाय गेला होता.

उल्हासनगरच्या डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडावर धरली. मणक्यांमधली गादी सरकली होती, शीर दाबली गेली होती. ते म्हणाले, पाऊल थोडं तरी हलतंय, म्हणून सहा आठवडे बघू. नाही सुधारलं तर ऑपरेशन. आणि त्यानंतरही पाय पूर्ववत होईलच, असं सांगत नाही. मग त्यांनी विचारलं, "पाठीवर कोणी उभं राहिलं होतं का?"

मी सगळं सांगितलं, पायाळू, उंबरा, टाच. त्यांनी पेन खाली ठेवलं. "आणि तुम्ही स्वतःही हे करता?"

"हो."

"किती जणांना केलंत?"

हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. मी आठवायला लागले. पाठीच पाठी आठवत होत्या, चेहरे आठवत नव्हते. फक्त एक चेहरा आठवला. जाऊबाईंचा.

बारा वर्षांपूर्वी पाण्याचा हंडा उतरवताना त्यांची पाठ धरली होती. मी टाच रोवली. त्या 'गेली' म्हणून उठल्या, आणि त्यानंतर कधीही खाली मांडी घालून बसल्या नाहीत. पट्टा आला, प्लास्टिकची खुर्ची आली. आम्ही म्हणायचो, वय झालं. तेव्हा त्या अडतीस वर्षांच्या होत्या. नवऱ्याबरोबर रिक्षानं घरी निघाले. पुढची सगळी वाट मी फक्त अडतीस हा आकडा मनात म्हणत होते.

सुरुवातीचे दोन आठवडे गोळ्या, इंजेक्शन आणि मोजून चालणं. घरीदारी एकच धोशा होता, वाकू नकोस, उचलू नकोस. त्यानंतर डॉक्टरांनी अंबरनाथच्या एका फिजिओकडे पाठवलं. माझ्या भाचीच्या वयाची पोर. जागा बघितली तर जिम. लोखंडाचा खणखणाट चाललेला. मी दारातूनच परत फिरले होते. तिनं हाताला धरून आत नेलं आणि म्हणाली, "काकू, आपल्याला उचलायचंच आहे. आज नाही, पण उचलायचं आहे."

मला ती वेडी वाटली. ताका उचलून जे मोडलं ते वजन उचलून कसं जुळणार? हे म्हणजे आगीतून फुफाट्यात. पण माझ्या श्रद्धेचा हिशेब नुकताच लागला होता, त्यामुळे कोणाला वेडं म्हणायची माझी तरी लायकी उरली नव्हती.

पहिले काही दिवस नुसतं पडून श्वास, पोट आवळणं, पाय सरकवणं. मग तिनं झाडूचा दांडा माझ्या पाठीला उभा लावला, डोकं, पाठ, माकडहाड तिन्ही टेकवून, आणि म्हणाली, कमरेतून नको, खुब्यातून वाका. मला जमेना. घरी मागच्या पडवीत सराव करत होते तर सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. ऐंशीच्या आहेत. थोडा वेळ बघत राहिल्या आणि चिडल्या. "आगो, अशी कोन वाकते? कुल्ले मागं टाक. लावनी कधी केली नाय का?" आणि लुगडं खोचून वाकून दाखवलं. पाठ फळीसारखी सरळ, हात जमिनीला टेकलेले. मी तोंडाचा आ करून बघत राहिले. ऐंशी वर्षांच्या पाठीला एकही पट्टा नव्हता. जे शिकायला मी अंबरनाथला जात होते ते या बाईला येत होतं, आणि हिनंच चोवीस वर्षं लोकांना माझ्या टाचेखाली झोपवलं होतं.

फिजिओला हे सांगितलं तेव्हा ती हसली नाही. म्हणाली, "आजींना येतं. फक्त शिकवलं नाही कोणाला."

पाचव्या आठवड्यात तिनं किटलीच्या आकाराचं चार किलोचं वजन माझ्या पायांमध्ये ठेवलं. ते उचलताना मला दरदरून घाम फुटला, तो वजनाचा नव्हता. उचललं. पाठीला काही झालं नाही, पायात कळ मात्र होतीच. ती म्हणाली, दुखलं तर लगेच सांगायचं. मी म्हटलं, "नाही, गेलं सगळं." तिनं माझ्या कपाळाकडे पाहिलं, माझा हात थांबवला. "काकू, खोटं बोललात तर मला वजन ठरवता येणार नाही." मला एवढं कानकोंडं आयुष्यात कोणी केलं नव्हतं.

सहावा आठवडा संपता संपता, एका सकाळी चप्पल पायात सरकवली आणि अंगठ्याला पट्टा लागला. लागला, हे मला कळलं. मी तिथेच पायरीवर बसून रडले. ऑपरेशन टळलं. पण पाय पुरता यायला पुढे आठ महिने गेले. चार किलोचे आठ, आठाचे बारा, मग लोखंडी दांडा, मग दांड्याला चकत्या. मी परत दुकानात जायला लागले तेव्हा शेठ म्हणाले, "लोहा उठाने का इतना शौक है तो इधर ताका उठाओ, पगार भी मिलेगा." मी मखमलीचा ताका खुब्यातून वाकून उचलला आणि त्यांच्यासमोर काउंटरवर ठेवला. म्हातारा खुर्चीतून उठलाच.

पाय आला ही बातमी सासूबाईंनीच आळीभर केली. त्याच रविवारी सकाळी शेजारचा रिक्षावाला आला आणि काही न बोलता उंबऱ्याशी पालथा पडला. सासूबाई, दीर, खुर्चीवर जाऊबाई, सगळे बघायला. मी त्याच्या पाठीशी उभी होते. उजव्या तळव्याला लादीचा गारवा लागत होता, इतका पाय चांगला झाला होता. मी म्हटलं, "ऊठ. डॉक्टरकडे जा. मी आता कोणाच्या पाठीला पाय लावणार नाही."

तो बिचारा तसाच पडून होता, उठायचं की नाही ते त्याला कळेना. मी त्याला ओलांडून जाऊबाईंसमोर जाऊन बसले.

"ताई, त्या दिवशी तुझी उसण खरंच गेली होती?"

त्यांनी कमरेच्या पट्ट्यावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "नाही."

"मग तसं म्हणालीस का?"

"सगल्यांचीच जायची. माझी एकलीचीच राहिली असं कसं सांगू? तुझ्या पायाला नाय, मलाच दोष लागला असता." आणि मग, अगदी साध्या आवाजात, "पायाला मुंग्या अजून येतात."

बारा वर्षं मी त्यांना जेवण वाढलं होतं, त्यांच्या पट्ट्याचे वेल्क्रो लावून दिले होते. मी माफी मागितली. त्यांनी हातानं झटकून टाकली. चोवीस वर्षांत उंबऱ्यावरून 'गेली' म्हणून उठलेल्यांपैकी किती जण असे खोटं बोलून घरी गेले, ते मला आता कधीच कळणार नाही. माझं स्वतःचं 'गेली' तरी कुठे खरं होतं?

पुढच्या आठवड्यात मी जाऊबाईंना अंबरनाथला घेऊन गेले. डॉक्टरांनी आधी तपासून परवानगी दिली होती. फिजिओनं त्यांना भिंतीशी उभं केलं, दांडा पाठीला लावला आणि हळूच खुब्यातून वाकायला सांगितलं. थोड्या वाकल्यावर त्यांचा चेहरा आवळला. तिनं विचारलं, "काकू, दुखतंय?"

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"दुखतंय," त्या म्हणाल्या.

"बरं," ती पोर म्हणाली, "मग थोडं कमी वाकू." आणि दांडा वर घेतला.

जाऊबाई मला म्हणाल्या, "एवढंच होतं?"