नागूच्या होडीला सुकाणू नव्हतं

उद्या सकाळी सहाला साठ माणसांची लाँच नागूच्या हातात जाणार आहे आणि ती चालवायला तो कधी शिकलेलाच नाही. संध्याकाळपासून हे डोक्यातून जात नाही. शेजारी माझी लेक झोपली आहे. तिच्याकडे पाहिलं की त्या लाँचमध्ये बसणारी पोरं दिसतात.

नागू आमच्या गावचा नावाडी. मी पाताळगंगेपलीकडच्या शाळेत शिकवते. पूल नव्हता तेव्हा लेकीला कडेवर घेऊन त्याच्याच होडीतून जायचे. बाप चांगो गेला आणि पंधराव्या वर्षी त्यानं वल्हं हातात घेतलं. तिकीट असं नव्हतंच. सुगीला घरटी पायलीभर भात द्यायचं, त्यात वर्षभर येणं-जाणं. पुराच्या दिवसांत तो आधी काठावर बसून पाणी बघायचा, कधी अर्धा अर्धा तास. मी घाई केली की म्हणायचा, "बाई, शाळा उद्याबी भरंल. पानी जरा वळकू द्या." बारा वर्षांत त्याच्या होडीत कुणाला काही झालं नाही.

बाहत्तर साली पूल झाला. त्या सुगीला कुणी भात दिलं नाही, आम्हीही नाही. दोन वर्षं त्यानं जवळच रसायनीच्या कारखान्यात गोण्या उचलल्या. मग मुंबईच्या बंदरावर काम करणारा त्याचा मेहुणा सदू एका लाँचमालकाचा इंग्रजी अर्ज घेऊन आला. अर्जात विचारलं होतं, आजवर काय काम केलं?

नागू आणि त्याची बायको गौराबाई आमच्या ओटीवर येऊन बसली. मी डिक्शनरी काढली. रोअर, ओअर्समन, बोटमन, फेरीमन, सेलर, डेकहँड. नागू बोटांवर मोजत होता.

"येवढी नावं? आमच्यात वल्हं मारतो तो नावाडी, बाकी समदी बसनारी."

"घे एकांदं," गौराबाई म्हणाली. "लुगडं निवडल्यावानी काय करतोस रं?"

त्याला 'ओअर्समन' आवडला. पण वल्ही मारणाऱ्याला आता नोकरी कोण देणार, असं मला वाटलं. मी 'हेल्म्समन' लिहिलं. पुढे लिहिलं, अनुभव बारा वर्षं.

"म्हंजी काय वो?"

"सुकाणू धरणारा."

"बाई, आमच्या होडीला सुकानू कुठं हाय?"

"वल्ह्यानंच वळवतोस ना? तेच ते."

तेच ते नव्हतं आणि ते मला तेव्हाही ठाऊक होतं. तरी खाली दाखला म्हणून मी शाळेचा शिक्का मारला, सही केली.

नोकरी लागली. लाँचवर अबूबकर नावाचा जुना सुकाणी होताच, म्हणून वर्षभर नागू दोर ओढत राहिला. मी निर्धास्त झाले होते. आज सदू आला. अबूबकर आजारी पडला. उद्याची मुंबईहून रेवसला जाणारी पहिली फेरी मालकानं नागूवर सोपवली आहे.

"त्यानं कधी सुकाणूचं चाक धरलंय का रे?" मी विचारलं.

"एकदाबी नाय. पन मालक म्हनला, कागदावर बारा वर्सं हायत."

"मग नागू सांगत का नाही?"

सदूनं मान खाली घातली. "तो म्हनतो, खाली बाईंची सही हाय. मी बोललो तर बाई खोट्या पडतील."

ह्यांचं म्हणणं, निभावेल तो, तू मध्ये पडू नकोस, नोकरी जाईल तुझी. जाईलही. नागूची तर नक्की जाईल, आणि गौराबाई दोन पोरं घेऊन त्याच्या भरवशावर मुंबईत राहते आहे. पण माझी अब्रू राखायला तो माणूस साठ जणांना घेऊन समुद्रात जाईल. एक शब्द न बोलता जाईल, हे मी पक्कं जाणते. आणि ही वेळ त्याच्यावर मी आणली, चांगलं करायला म्हणून.

रसायनीच्या कारखान्याच्या गेटवर रात्रपाळीला फोन चालू असतो. सदूनं धक्क्यावरच्या कचेरीचा नंबर दिला आहे. ती पाचला उघडते. ट्रंक कॉल आताच नोंदवला तर तोवर लागेल. सांगेन, नागू वल्हं मारणारा आहे, चाक त्याच्या हाती देऊ नका. खोटं मी लिहिलं. त्याला दोर ओढायला तरी ठेवा. ह्यांना उठवते, नाही आले तर एकटीच गेटवर जाते.