रामलिंग मापाड्याची तुळा

आमच्या आज्जांचं आडनाव काय, हे ताडकळसात कुणाला विचारलं तर सांगता यायचं न्हाई. रामलिंग मापाडी म्हणलं की शेंबडं पोरगं बी घर दाखवायचं. बाजाराच्या दिवशी जवारीची रास कुणाची बी असो, घेणारा कुणी बी असो, मधी अधोली घेऊन बसलेले आज्जाच. अधोली म्हंजे दोन शेराचं माप. ते राशीत खुपसायचं, वर दाण्यांची शीग चढवायची आन् पोत्यात रिकामं करायचं. एवढंच काम. पण त्या कामासाठी लांबलांबचे लोक गाड्या जुंपून ताडकळसाला यायचे. आज्जांच्या हातचं माप म्हणलं की घेणाऱ्याला धास्ती न्हाई आन् देणाऱ्याला बी न्हाई.

एकदा आबासाहेब देशमुख, लय मोठी असामी, गरिबाची तूर घेताना म्हणले, "रामलिंग, माप जरा ठोकून भर की." माप ठोकलं की दाणे दबतात आन् जास्त मावतात. आज्जांनी अधोली पालथी घातली, धोतर झटकलं आन् सरळ घरला आले. दुसऱ्या बाजाराला गेले न्हाईत, तिसऱ्याला बी न्हाईत. राशी तशाच पडून राहिल्या. शेवटी आबासाहेबांनीच बैलांची दमणी पाठवून त्यांना बोलवून नेलं. दमणीत मी बी बसले होते, आज्जांच्या मांडीवर. सारा बाजार आमच्याकडं बघायला, आन् माझी मान अशी ताठ झाली होती म्हणता!

मी त्यांच्या लेकीची लेक, महानंदा. माझी माय कमलबाई पटकीच्या साथीत गेली तवा मी रांगत होते. बापानं दुसरं घर मांडलं. आज्जी आधीच गेलेली. मग आज्जांनीच मला खांद्यावर टाकून ताडकळसाला आणलं आन् वाढवलं. माझी वेणी तेच घालायचे, पोत्याचं तोंड आवळावं तशी. दिवसभर डोळे ताणलेले राहायचे माझे! शिवमूर्तीमामा, म्हंजे आज्जांचा थोरला लेक, तवा बी कुरकुर करायचे. "दुसऱ्याची पोर, उद्या दुसऱ्याच्याच घरी जाणार. कशाला एवढा जीव लावायलाव?" आज्जा ऐकल्यासारखं बी करायचे न्हाईत.

तर ती मोठी लढाई चालू होती, त्या सालची गोष्ट. मठाच्या स्वामींनी हिशेब केला आन् सांगितलं, रामलिंगअप्पांनी हजार पुनवा बघितल्या. तुळा करायला पायजे. चैताच्या पुनवेला सगळ्या गोतावळ्यानं जमायचं, आज्जांना तागडीत बसवायचं आन् दुसऱ्या पारड्यात त्यांच्या वंशातल्या दर घरची एक अधोली धान्य टाकायचं, घरच्या रानातलं. इकत घेतलेलं चालत न्हाई. जिथं कमी पडंल तिथं मठाची रास. मग ते समदं धान्य मठाच्या दासोहाला जायचं, भुकेल्यांच्या जेवणाला.

मी तवा जालन्याजवळ सासरी नांदत होते. मामांचा निरोप आला, "महानंदानं यावं, पोटभर जेवावं. धान्य आणायची गरज न्हाई. लेकीच्या लेकीचं वंशात धरत न्हाईत." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जेवायला बोलवायलेत मला, पाहुणी म्हणून! पण मागोमाग एका व्यापाऱ्याजवळ आज्जांचा बी निरोप आला. "महानंदाच्या घरचं माप पडल्याबिगर मी तागडीत बसत न्हाई."

आता सांगा. मी रिकाम्या हातानं गेले असते तर आज्जांची तुळा मोडली असती, आन् मामा म्हणले तेच खरं झालं असतं.

जवारी घरात होती, चांगली मोत्यासारखी. पण लढाईपायी सरकारनं एका जिल्ह्यातलं धान्य दुसऱ्यात न्यायला बंदी घातली होती. परवाना पायजे. आमच्या मालकांनी कचेरीत खेटे घातले, हात हालवत परत आले. म्हणले, "ऱ्हाऊ दे, धरलं तर जप्त करतेत." मी म्हणलं, माझ्या घरची जवारी माझ्या आज्जाला न्यायला सरकारची चिठ्ठी? जळो ती चिठ्ठी! अधोली भरून वर शीग उरंल एवढी जवारी गठुड्यात बांधली. मालकांना सासूबाईंच्या आजारपणामुळं हालता येईना, म्हणून धाकले दीर भुजंग सोबत आले. रेल्वेत ते बाप्यांच्या डब्ब्यात बसले, मी बायांच्या.

डब्बा गच्च भरलेला. माझ्या शेजारी मानवतची एक म्हातारी होती, तानुबाई. तोंड असं की पट्टा. समोर सेलूची एक बुरख्यातली खाला. परतूर जवळ आलं तशी तानुबाई म्हणली, "गठुड्यात काय हाय गं? दाणे असतील तर लपीव. परतूरपासून आपला जिल्हा लागतो. नाक्याचा शिपाई येतो."

"बायांच्या डब्ब्यात?"

"आत येत न्हाई. दारात उभारून गठुडी खाली मागतो."

माझं डोकं तवा लय झटपट चाललं. शिपाई गठुडी मागंल, पण बाईची ओटी सोडायला सांगायची कुणाची छाती हाय? मी कुंकवाचा करंडा काढला आन् उठले. तानुबाईला कुंकू लावलं, पदर पसरायला लावला, ओंजळ ओंजळ जवारी घातली. मग दुसरीला. मग तिसरीला.

"खण न्हाई, नारळ न्हाई," तानुबाई म्हणली, "लय चिकट घरची दिसायलीस."

बाया हसायल्या, पण पदर समद्यांनी पसरले. खालानं बी आपला दामन पुढं केला. तिला कुंकू कसं लावायचं? तशीच जवारी घातली. गाडी थांबली तवा माझं गठुडं रिकामं होतं.

शिपाई दारात आला. गठुडी खाली घेतली, चाचपली, परत दिली. मग त्यानं आत बघितलं. सगळ्या बाया पोटाशी पदर धरून बसलेल्या, कपाळाला ताजं कुंकू.

"ये क्या है? सब की सब गोद भरा के बैठे?"

मी म्हणलं, "माझ्या आज्जाची तुळा हाय दादा, म्हणून ओट्या भरल्या. तुमी बी या, पदर असंल तर तुमची बी भरते!"

डब्बा खदखदून हसला. शिपायाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. गेला बिचारा. गाडी हालली, आन् मला वाटलं, जिंकले! मी गठुडं पसरलं आन् म्हणलं, "द्या आता बायांनो."

कुणी हालंना.

"काय द्या?" तानुबाई म्हणली.

"जवारी माझी."

"अगं, ओटी भरलीस की तू. भरली ओटी कुणी उलटी करतं का? इथं लेकुरवाळ्या बाया हायेत, एक नवी नवरी हाय. तिला सांगतीस का, ओटी रिकामी कर म्हणून?"

"मी लपवायला दिली होती!"

"मग कुंकू कशाला लावलंस?"

नुसती दिली असती तर लपवलेली जवारी राहिली असती. शिपायाला खरं वाटावं म्हणून कुंकू लावलं, आन् तिची ओटी झाली. आता मलाच मागायला तोंड न्हाई. त्या बाया काय लबाड नव्हत्या. त्यांच्या जागी मी असते तर मी बी दिली नसती. पण रडू असं आलं की आवरंना. आज्जांचं, मामांचं, समदं भडाभडा सांगून टाकलं.

खाला पुढं सरकली. "मेरेको तो कुंकू नै लगाई ना तू? ये ले बेटा, अमानत है तेरी." तिनं दामन माझ्या गठुड्यात झटकला. एकूण एक दाणा.

तानुबाईनं माझे डोळे पुसले. मग म्हणली, "ओटी परत करता येत न्हाई. पण माहेरला निघालेल्या लेकीची ओटी भरता येती. पसर पदर." तिनं तिच्या पिशवीतले मूठभर गहू घातले. नव्या नवरीनं तांदूळ घातले. कुणी हरभरे, कुणी मूग. खालानं दिलेली जवारी बी मी त्यातच ओतली. जिच्या तिच्या गठुड्यात मूठ-दोन मुठी दाणे होतेच, एवढ्या-तेवढ्याला शिपाई हात लावत नसत. पण मुठीनं अधोली कुठं भरती?

मिरखेलला उतरलो. तिथून बैलगाडीनं ताडकळस. सगळ्या वाटंनं मी पदर गच्च धरला होता. भुजंग म्हणले, "वहिनी, काई तरी सांगू आपण, जप्त झाली म्हणू." मी म्हणलं, मापाड्याच्या घरात खोटं सांगायचं? गप गाडीत बसा.

बाजाराच्या मैदानात तीन वासे उभे करून मोठी तागडी टांगली होती. सारं गाव लोटलेलं. आज्जा उघड्या अंगानं उभे, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, डोक्याला नवा पटका. स्वामी त्यांना बसा बसा म्हणायलेत आन् ते रस्त्याकडं बघायलेत. मला बघितलं आन् असे हसले की माझा समदा शीण गेला.

मामा अधोली घेऊन उभे होते. आज्जा थकल्यावर बाजारातलं माप त्यांच्याच हाती आलं होतं. त्यांनी माझा पदर बघितला. "हे काय गं? जवारी हाय का खिचडी?"

मी खरं होतं ते सांगितलं, सगळ्यांपुढं. लोक हसले.

"म्हंजे तुझ्या घरचं मूठ-दोन मुठीच," मामा म्हणले, "बाकी परक्या बायांचं. वंशातलं धान्य पायजे होतं." तरी त्यांनी अधोली पुढं धरली. मी पदर रिकामा केला. अधोली जेमतेम निम्म्यावर गेली. मामांनी ती वर करून सगळ्यांना दाखवली. "माप भरत न्हाई, अप्पा. न भरलेलं माप पोत्यात टाकायचं न्हाई, हे तुमीच मला शिकवलं."

खोटं काय बोलले ते? ज्या आज्जांनी देशमुखाचं ऐकलं न्हाई, ते माझ्यासाठी अर्धं माप पुरं कसं म्हणतील? आन् म्हणू बी नये. मला वाटलं, धरणीनं पोटात घेतलं तर बरं.

आज्जा तागडीपासून चालत आले. अधोलीत हात घातला. जवारी, गहू, मूग, सगळं बोटांतून खाली सोडलं.

"शिवमूर्ती, अधोली ठेव. शेर आण."

"अप्पा?"

"माप भरंना तर माप बदलावं. धान्याला काय बोल लावतोस? आन् परकं म्हणतोस? माझ्या हातून जल्मभर परक्याचंच धान्य गेलं, त्याच्यावरच तू वाढलास. वाटंतल्या बायांनी माझ्या लेकराची ओटी भरली. माझ्या घरात तेवढं बी कुणाला सुचलं न्हाई."

मामांची मान खाली गेली. शेर आणला. अधोलीतलं धान्य त्यात ओतलं, तर शेर भरला, वर शीग चढली, आन् दाणे खाली सांडले.

"पहिलं माप हेच," आज्जा म्हणले. "पुकार."

बाजारात मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत न्हाईत. बरकत म्हणतेत. मग दोन, तीन. बरकत म्हणल्याबिगर मोजणी सुरूच होत न्हाई. ते पहिलं माप मामांनी आपलंच धरलं होतं, थोरल्या घरचं म्हणून. त्यांनी शेर हातात घेतला, माझ्याकडं बघितलं. कितीबी झालं तरी मापाड्याचा लेक. भरलेलं माप हातात असताना त्यांच्याच्यानं गप राहवंना.

त्यांनी मान वर केली आन् आरोळी दिली, "बरकत!"

हुबेहूब आज्जांचा आवाज. मैदानातल्या समद्या लोकांनी मागून तेच म्हणलं. माझी मिसळीची शीग पारड्यात पडली, पहिली, मामांच्या बी आधी.

मग आज्जांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तागडीत पाय टाकला, नीट मांडी घातली आन् म्हणले, "हं. आता मोजा मला."