पाण्याची घंटा आणि नवं कुलूप

प्रत्येक शाळेत हरवलेल्या वस्तूंचं एक कपाट असतं. एका पायातला मोजा, झाकण नसलेला डबा, मोडकी पट्टी. कुणी मुद्दाम ठेवत नाही, कुणी न्यायलाही येत नाही, तरी वर्षाअखेरीला कपाटाचं दार लागेनासं होतं. शाळेतल्या किश्श्यांचंही तसंच आहे. मी काही ते गोळा केले नाहीत. घंटेपाशी आणि चाव्यांच्या बोर्डापाशी स्टूल टाकून बसलेल्या माणसाकडे ते आपोआप जमतात.

मी शाळेत शिकलो नाही, शाळेत कामाला होतो. आम्ही मूळचे सांगलीकडचे. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं, म्हणजे गलाईचं काम. त्या कामासाठी आमच्याकडची माणसं देशभर पांगली, त्यात मी गाझियाबादला येऊन पडलो. ॲसिडच्या वाफेनं छाती धरली तेव्हा डॉक्टर म्हणाले, धुरापासून लांब राहा. गाझियाबादमध्ये, धुरापासून लांब! मग ओळखीनं एका खाजगी शाळेत शिपायाची जागा मिळाली. अक्षरं तिथंच आली. रोज फळे पुसायचो, पुसायच्या आधी वाचायची सवय लागली, एवढंच.

हिंदीवाले मला अंकल म्हणायचे, मराठी मंडळी मामा. आमच्या प्रिन्सिपल मॅडम पुण्याच्या. त्याही मामाच म्हणायच्या, पण त्यांच्या तोंडी ते पदाचं नाव वाटायचं.

*

मुलींचं जुनं शौचालय पाडून नवं बांधलं, तिथून हे सगळं सुरू झालं.

काय थाट होता! हिरव्या फरशा, मोठा आरसा, भिंतीवर रंगवलेली फुलपाखरं. दारावर पाटी, ‘तुमचं आरोग्य, आमची जबाबदारी’. ट्रस्टच्या अध्यक्षांनी रिबन कापली, आठ मुली ओवाळायला उभ्या होत्या. फोटो झाले, समोसे झाले, पाहुणे गेले. मग मॅडमनी माझ्या हातात एक नवं कोरं कुलूप ठेवलं.

मी विचारलं, मुलींनी कुठं जायचं?

“मामा, वापरलं की खराब होतं,” मॅडम म्हणाल्या.

मी सावकाश विचार करणारा माणूस. दोन दिवस विचार केला आणि मला पटलं. शाळासुद्धा पोरांमुळेच खराब होते. मे महिन्यात येऊन बघा, कशी आरशासारखी असते.

*

आता मॅडम अन्यायी होत्या असं नाही म्हणणार मी. ज्या मुलीला जायचंय तिला जायची सोय होती. वर्गशिक्षिकेची चिठ्ठी आणायची, ऑफिसात शिक्का घ्यायचा, रजिस्टरमध्ये लिहायचं आणि मग माझ्याकडून चावी घ्यायची. रजिस्टरमध्ये नाव, वर्ग, जायची वेळ, यायची वेळ आणि शेवटी ‘कारण’ असा रकाना होता.

शौचालयाला जायचं कारण!

आठवीच्या एका मुलीनं लिहिलं, ‘वैयक्तिक’. क्लार्कनं परत पाठवलं, स्पष्ट लिहा म्हणून. दुसरीनं लिहिलं, ‘तातडीचं’. तेही परत आलं, तातडीचं काय ते लिहा. शेवटी पाचवीतल्या एका चिमुरडीनं त्या रकान्यात चित्र काढलं. क्लार्कनं बघितलं, चष्मा काढला, पुन्हा लावला आणि शिक्का मारला. स्पष्ट होतं.

हे सगळं होईपर्यंत तास संपायचा. महिन्याभरात मुली यायच्याच बंद झाल्या. रजिस्टर कोरं पडलं. पालकांच्या मीटिंगमध्ये मॅडमनी ते वर धरून दाखवलं की बघा, मुलींच्या सवयी किती सुधारल्या आहेत.

तुम्ही म्हणाल, मामा, चावी तुमच्याच खिशात होती ना? होती. मी दोनदा चिठ्ठीशिवाय उघडून दिलं. दोन्ही वेळा मेमो मिळाला. तिसऱ्या मेमोला घरी बसवतात. मग मीही नियमानं वागायला लागलो. ती काही फुशारकीची गोष्ट नाही.

*

त्यानंतर मॅडम कुठल्याशा वर्कशॉपला जाऊन आल्या. तिथं त्यांना कळलं की मुलं पाणी फार कमी पितात. त्या आल्या त्याच दिवशी नोटीस निघाली, रोज तीनदा पाण्याची घंटा. घंटा वाजली की सगळ्या शाळेनं एकाच वेळी बाटल्या तोंडाला लावायच्या आणि शिक्षिकांनी फिरून बघायचं की बाटली रिकामी झाली की नाही.

म्हणजे पाण्याची घंटा मी वाजवायची आणि शौचालयाची चावीही मीच खिशात ठेवायची. एका हातानं भरायचं, दुसऱ्या हातानं अडवायचं. माझा पगार एकच होता.

माझ्या स्टुलावरून सातवीचा वर्ग दिसायचा. खिडकीपाशी तेजल बसायची. आमच्याकडचीच पोर, बाप इथं सराफ बाजारात गलाईच्या भट्टीवर, आई सुरेखा घरी ब्लाऊज शिवायची. त्यांच्या घरात सातवीपर्यंत पोचलेली ही पहिलीच मुलगी. गणितात अशी की शिक्षिका फळ्यावर चुकल्या तर ही हळूच नुसती मान हलवायची.

एक दिवस घंटा दिल्यावर मी सहज तिकडं बघितलं, तर तेजल डोकं मागं टाकून गटागटा पाणी पीत होती. बाटलीचं झाकण लावलेलं होतं.

मधल्या सुट्टीत मी तिला विचारलं, हे काय गं?

“मामा, आत घालणं सोपं आहे हो. पुढं काय करायचं?”

बाटली रिकामी तर दिसायला हवी, म्हणून ती आणि तिच्या चार मैत्रिणी रोज खिडकीतल्या मनी प्लांटला पाणी घालायच्या. त्या वर्षी तो वेल छताला टेकला. वर्गाला पर्यावरणाचं बक्षीस मिळालं.

*

कौन्सेलर मॅडम नवीन होत्या, दिल्लीच्या. मनानं चांगली पोरगी. बोलता बोलता सारखी “बिल्कुल, बिल्कुल” म्हणायची. तिनं दारापाशी एक बोर्ड लावला, सकाळी येताना प्रत्येकानं आपला मूड चिकटवायचा. तीन प्रकारचे चेहरे होते, हसरा, मधला आणि रडका.

चार दिवसांत रडके संपले.

तिनं आणखी मागवायला सांगितले. ऑफिसनं मागवलेही, पण सगळे हसरे. रडके ठेवले की मुलांना रडायची आठवण होते, असं प्रिन्सिपल मॅडमचं मत पडलं. पुढच्या सोमवारपासून आमची सगळी शाळा आनंदात होती.

तेजलनं आपला हसरा चेहरा उलटा चिकटवला. दुसऱ्या दिवशी सातवीच्या सगळ्या मुलींनी उलटे चिकटवले. कौन्सेलर मॅडमना ते कळलं. त्या प्रिन्सिपल मॅडमना भेटायला गेल्या आणि बऱ्याच वेळानं डोळे पुसत बाहेर आल्या. त्यांचा मूड चिकटवायला बोर्डावर जागा नव्हती.

मला ऑर्डर आली की रोज शाळा सुटल्यावर उलटे चेहरे सुलटे करून ठेवायचे. तेही मीच करायचो.

*

मग मनःशांतीचा कार्यक्रम ठरला. गुरुग्रामहून एक सर आले. पांढरा कुर्ता, मधासारखा आवाज. थंडीचे दिवस होते, मैदानावर सगळ्या शाळेला बसवलं, तिसरी पाण्याची घंटा नुकतीच होऊन गेली होती. सर म्हणाले, डोळे मिटा आणि आपलं शरीर काय सांगतंय ते ऐका.

शरीर काय सांगत होतं ते मुलींना चांगलं ऐकू येत होतं. एकमेकींना चिकटून, गुडघे आवळून बसल्या होत्या बिचाऱ्या.

तेवढ्यात तेजल बसल्या जागी कलंडली.

मी धावलो. सरांनी डोळे न उघडता हात वर केला. “डिस्टर्ब मत कीजिए. बच्ची गहरे ध्यान में है.”

मी तिला उचललं तर अंग तव्यासारखं तापलेलं. दवाखान्यात चार दिवस काढले पोरीनं. लघवी धरून धरून आणि पाणी न पिऊन इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलं होतं. डॉक्टरांनी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं, भरपूर पाणी प्यावे, गरज वाटेल तेव्हा शौचालयास जाऊ द्यावे.

सुरेखा तेजलला आणि तो कागद घेऊन शाळेत आली. मॅडमनी तो दोनदा वाचला, डॉक्टरांच्या अक्षराचं कौतुक केलं आणि फाईलला लावला. मग समजावून सांगितलं की एकट्या तेजलला सवलत दिली तर बाकीच्या मुलींवर अन्याय होईल, आमच्याकडे सगळ्यांना समान वागणूक असते.

सुरेखा बाहेर येऊन माझ्या स्टुलापाशी उभी राहिली. बाई शांत होती, त्याचंच मला भ्या वाटलं.

“मामा, आमच्या घरी एकच संडास आहे, पण त्याला कडी आतून आहे,” ती म्हणाली. “मी हिला घरीच ठेवते.”

सोमवारी येऊन शाळा सोडल्याचा दाखला न्यायचं ठरवूनच ती गेली. तेजल आईच्या मागं रेंगाळली. पोर माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “मामा, मी अजून कमी पाणी पिईन. तुम्ही आईला सांगा ना, शाळा नको सोडवू.”

मी पुढच्या तासाची घंटा दिली.

*

सोमवार उजाडला तो कसा, तर मुलांच्या आरोग्याची काळजी घेणाऱ्या शाळांना कसलासा पुरस्कार असतो, त्याच्या तपासणीचा. सकाळपासून शाळेत अत्तराचा वास. तपासणीला आल्या त्या एक वयस्कर बाई होत्या, खादीची साडी, पायात बूट, गुडघे कुरकुरणारे. मॅडमनी त्यांना पाण्याच्या घंटेची योजना दाखवली आणि दाखवताना प्रत्येक वेळी त्यांच्याही हातात ग्लास दिला. वर नारळपाणी, त्यावर चहा.

सुरेखा आणि तेजल दहा वाजल्यापासून ऑफिससमोरच्या बाकावर बसून होत्या. तेजलच्या मांडीवर परत करायची पुस्तकं होती, नीट कव्हर घातलेली. क्लार्कनं सांगून ठेवलं होतं की पाहुण्यांच्या गडबडीत दाखल्याला वेळ लागेल.

साडेअकराच्या सुमाराला पाहुण्या बाईंनी मॅडमच्या कानात काही विचारलं. स्टाफचं शौचालय वरच्या मजल्यावर होतं, आणि त्यांचे गुडघे तर तसे. पण मॅडमचा चेहरा असा उजळला की काय सांगू! वरती कशाला, म्हणाल्या, आमचं मुलींचं नवं बघा ना. आणि मला हाक मारली.

मी गेलो आपल्या चालीनं. चावी लावली. नवं कुलूप, वापर नाही, त्यामुळे उघडताना खटकन मोठा आवाज झाला. शौचालयाच्या दोन्ही बाजूंना वर्ग, एकीकडे सहावी, दुसरीकडे सातवी.

पाहुण्या आत गेल्या. दार लागलं.

सातवीच्या वर्गातून एक मुलगी बाहेर आली आणि दारापाशी उभी राहिली. मग दुसरी. मग सहावीतल्या चौघी. शिक्षिकांनी आतून हाका मारल्या असतील, पण कुणी मागं वळलं नाही. कुणी पळत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. वरच्या वर्गांनाही कसं कळलं देव जाणे, जिन्यावरून मुली उतरायला लागल्या. बघता बघता रांग पार ऑफिसच्या बाकाला जाऊन भिडली.

पाहुण्या बाहेर आल्या आणि जागच्या जागी थांबल्या.

मॅडम हुशार बाई. एक क्षण वाया घालवला नाही. मुली शिस्तीच्या आहेत हो, म्हणाल्या, तुमच्या स्वागताला उभ्या राहिल्यात. पाहुण्यांना गहिवरून आलं. त्यांनी पहिल्या मुलीकडे हात पुढे केला आणि नाव विचारलं.

“मॅडम, नाव नंतर सांगते,” ती म्हणाली. “जरा बाजूला व्हा ना, प्लीज.”

आणि त्यांच्या हाताखालून आत शिरली.

पाहुण्या बाजूला झाल्या. भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. एक मुलगी बाहेर यायची, एक आत जायची, आणि त्या बघत राहिल्या. मॅडम काहीतरी सांगत होत्या, त्यांचं लक्ष नव्हतं. मग त्या हळूच माझ्याकडे वळल्या आणि विचारलं, काका, हे रोज असंच असतं का?

तिसरा मेमो माझ्या डोळ्यांपुढं दिसला. पण माणूस म्हातारा झाला की त्याला घरी बसायची भीती तरी किती दिवस वाटणार?

“नाही मॅडम,” मी म्हणालो. “आज तुम्हाला लागली म्हणून.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. नुसता हात पुढं केला. मी त्यात कुलूप आणि चावी दोन्ही ठेवलं. त्यांनी पर्स उघडली, दोन्ही आत टाकलं आणि चेन लावली.

तेवढ्यात ऑफिसच्या खिडकीतून क्लार्कनं सुरेखाला हाक मारली की दाखला तयार आहे, सही करून घेऊन जा. बाकावर कुणी नव्हतं, नुसती पुस्तकं होती. त्यानं मान बाहेर काढून पुन्हा हाक मारली.

रांगेच्या पार शेवटी सुरेखा उभी होती, तेजलचे दोन्ही खांदे धरून.

“थांबा भाऊ,” ती म्हणाली. “पोरगी लाईनीत आहे.”