चौघांची वाट पाहिली, परतले पाच

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी प्रोग्रामर आहे. काही विचित्र दिसलं तर कोडमध्ये चूक शोधायची, एवढंच मला माहीत. पण गेल्या उन्हाळ्यात तिरोड्याला आमच्या घरी जे घडलं, त्यातली चूक मला अजून सापडलेली नाही...

मी घरूनच काम करते. माझा मुख्य प्रोग्राम चार छोटे प्रोग्राम सुरू करतो — आमच्या भाषेत ती त्याची मुलं, चाइल्ड प्रोसेस. मग तो त्यांची वाट पाहत थांबतो. एकेक मूल काम संपवून परतलं, की त्याने प्रोसेसर किती वेळ वापरला, मेमरी किती खाल्ली, ते स्क्रीनवर येतं.

त्या दुपारी आई शेजारी लाखोरीची डाळ निवडत बसली होती. चौघे परतले. आणि मग पाचवा परतला! मी सुरूच न केलेला. वेळ शून्य, मेमरी शून्य. हे होऊच शकत नाही — प्रोग्रामला फक्त स्वतःच्याच मुलांची खबर मिळते, आणि नुसतं सुरू व्हायलाही थोडी मेमरी लागतेच.

"आई, एक जास्तीचा आला बघ," मी हसत म्हटलं.

"कोण आला व?"

मी समजावून सांगितलं. तिचे हात थांबले.

"काहीच नाही खाल्लं त्यानं?"

"काहीच नाही."

तिने डाळीचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "तुह्या आधी पोरगा झालता मले. रडलाच नाही. पाहू बी नाही देल्लं कोणी..."

मी तिशीची झाले. मला किंवा धाकट्या बहिणीला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी बाबा शेतावरून आले. आईने चहाच्याही आधी विचारलं, "त्याले कुठं ठेवलं जी तुमी?"

मला वाटलं, बाबा चिडतील. ते हळूच खाली बसले.

"तू कधी इचारलंच नाही," ते म्हणाले. "मी तं जातच राहतो तिकडं."

दुसऱ्या सकाळी ते आम्हाला धानाच्या बांधीपलीकडच्या मोहाच्या झाडाशी घेऊन गेले. आई मातीवर हात ठेवून बसली. बाबा तिच्या बाजूला बसले. मी जरा लांबच थांबले.

तो प्रोग्राम मी त्यानंतर कितीदा तरी चालवला, चारच परततात. पुण्याच्या सहकाऱ्याने सगळं तपासलं — म्हणाला, तुझंच काहीतरी चुकलं असेल. असेलही. मला कळलेलं नाही.

आई मात्र हल्ली बाबांसोबत शेतावर जाते. दोघांना घरी यायला उशीर होतो, आणि मी कारण विचारत नाही.