गोलामागची बाटली

"तुझी बाटली तिकडं हाय की. गोलाच्या मागं."

आबासाहेब हसत म्हणाले. मी बर्फाच्या पेटीत हात घालणारच होतो. त्यांनी झाकण लावलं. आपटलं नाही. हळूच लावलं आणि वर हात ठेवला.

उम्म अल हस्समजवळचं भाड्याचं मैदान. मे महिना. संध्याकाळचे पाच वाजले तरी खालचं टर्फ बुटातून भाजत होतं. बहारीनमधल्या मराठी मंडळींची स्पर्धा, अंतिम सामना, एक-एक बरोबरी. आता पेनल्टी. पेटीत पंचवीसेक बाटल्या, बहुतेक अर्ध्या प्यालेल्या. चिपळूणचा ड्रायव्हर, साताऱ्याचा एसी मेकॅनिक, वसईचा हॉटेलातला फ्रान्सिस, कोणीही कोणाचीही उचलत होता. त्या मैदानावर फुटबॉल खेळण्याचा पगार मिळणारा मी एकटा. आणि बाटली वेगळी तीही माझ्या एकट्याची.

मी तिथे गेलो कशाला? माझ्या गरजेपोटी. इथल्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमधल्या एका क्लबचा मी गोलकीपर. करार जूनमध्ये संपतो. पस्तिशीच्या गोलकीपरला पुढचं एकेक वर्ष भांडून मिळवावं लागतं. आबासाहेब मेहुण्याच्या धंद्यात इथे आले, हिद्दला त्यांचं गोदाम आहे, आणि आमच्या क्लबच्या शर्टावर त्यांच्याच कंपनीचं नाव आहे. त्यांनी फोन केला होता. "गाववाल्यांच्याकडनं एवढी स्पर्धा खेळ. तुझ्या पुढच्या वर्षाचं मी बोलतो क्लबात." सौदा बरा वाटला. आलो.

बाटलीचं ते वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बारा वर्षांचा होतो. बोलणारा माणूस हाच.

कोल्हापूरकडचं आमचं गाव फुटबॉलवेडं. संघ आबासाहेबांचा, मैदान त्यांच्या जमिनीत. आमच्या वस्तीतली पोरं कडेला बसायची आणि बाहेर गेलेला चेंडू आणून द्यायची. एक दिवस त्यांच्या गोलकीपरचा खांदा निखळला. उघड्या मुरुमावर उड्या मारायला दुसरं कोणी तयार होईना. मला आत घेतलं. मी तीन चेंडू अडवले. गुडघे सोलले, कोपरं सोलली. खुशीत सगळ्यांबरोबर पाण्याच्या घागरीकडे धावलो.

आबासाहेबांनी वाटेत अडवलं. प्रेमाने. "गोलकीपरची बाटली गोलाच्या मागं असती. जगात सगळीकडं असंच असतंय. उद्या घरनं घेऊन ये."

आणि टीव्हीवर पाहिलं तर खरंच तसं होतं. मोठमोठ्या गोलकीपरांची बाटली जाळीला टेकून ठेवलेली. मी हरखलो. घरी जाऊन आईला सांगितलं. तिने बाटली तीन वेळा विसळली, भरली, माझ्या हातात दिली.

बाटली संपली की कोणीतरी तांब्यातून उंचावरून पाणी ओतायचं. मी ओंजळ धरायचो. तेही मला खेळाचा नियम वाटत होतं, असं लिहिलं तर खोटं होईल. कळत होतं. पण कळून घेतलं तर गोल हातचा जाणार होता. माझ्या आयुष्यातला तो पहिला सौदा. पाणी लांब, गोल माझा. मी मनातल्या मनात सही केली.

त्या सौद्यावर मी वाढलो. कोल्हापूर, पुणे, मग गोव्यात चार हंगाम. दोन बोटं मोडली, वाकडी जुळली. पंचाच्या अंगावर धावून गेलो म्हणून तीन सामने बाहेर बसलो. कराराची ओळ न् ओळ स्वतः वाचायला शिकलो, कारण वाचून सांगणारं घरात कोणी नव्हतं. बहारीनच्या क्लबने व्हिसावर 'हेल्पर' लिहून पाठवलं. मी दहा दिवस सही केली नाही. 'खेळाडू' लिहून घेतलं, वर हंगामाला ग्लोव्हजचे सहा जोड. एवढा घासाघीस करणारा मी. पण बाटली सगळीकडे स्वतःची. कोणाकडे पाणी मागायचं नाही, म्हणजे कोणी नाही म्हणणार नाही.

इथला पहिला सराव. ऑगस्ट. माझी बाटली पंधरा मिनिटांत संपली. डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. कडेला गेलो. आमचा सेनेगलचा बचावपटू मूसा पाणी पीत उभा होता. मी त्याच्यासमोर थोडा वाकलो आणि ओंजळ पुढे केली.

मी केली नाही. हातांनी केली.

मूसा बघतच राहिला. मग मोठ्याने हसला. "कीपर, यू कॅच वॉटर ऑल्सो?" सगळे हसले. त्यात वाईट काही नव्हतं. त्याला खरंच कळलं नव्हतं की हा माणूस काय करतोय. त्याने आणखी एक घोट घेतला आणि तीच बाटली माझ्या हातात कोंबली. "यल्ला, ड्रिंक."

मी प्यालो. दुसऱ्याच्या तोंडची बाटली, आयुष्यात पहिल्यांदा. त्या दिवशी मी सरावात एक चेंडू धरू शकलो नाही. कोच ओरडत होता. मला फक्त माझे हात दिसत होते. बहारीनला पोचलो, तिशी ओलांडली, घर बांधलं, आणि हात अजून त्या तांब्याखालीच उभे.

तेव्हापासून मी माझी बाटली सगळ्यांच्या क्रेटमध्ये ठेवतो. सामन्यात गोलामागे ठेवतो ती खेळाच्या सोयीने. ब्रेकमध्ये हाताला येईल ती उचलतो.

आणि आता आबासाहेबांचा हात त्या झाकणावर.

माझं डोकं लवकर फिरतं. त्या दिवशी फिरलं नाही, याचंच मला नवल वाटतं. मी गोलामागे गेलो. माझी बाटली आणली. सगळ्यांसमोर तोंड लावून अर्धी प्यालो. आबासाहेबांचा हात झाकणावरून उचलून बाजूला केला, बाटली पेटीत टाकली आणि हाताने पाणी-बर्फ सगळं ढवळलं. सगळ्या बाटल्या एकाच कंपनीच्या. सगळ्या अर्ध्या.

"आता काढा पाणी," मी म्हणालो.

कोणी हलेना. चाळीस अंशांचं ऊन आणि समोर गार पाणी.

"अरे, खेळायच्या टायमाला हे काय काढलंस?" आबासाहेब.

"आबासाहेब, दोन भाव सांगतो. तुमची उष्टी बाटली मला द्या, नाहीतर माझी उष्टी तुम्ही घ्या. परवडेल ते बोला. मग मी गोलात उभा राहतो."

चिपळूणचा ड्रायव्हर कुजबुजला, "जाऊ द्या हो, खलास करा." मला म्हणत होता की त्यांना, कोण जाणे. फ्रान्सिसने मात्र पेटीत हात घातला, हाताला लागली ती बाटली उचलली आणि घटाघटा प्यायला. तोंड पुसत म्हणाला, "गार हाय. घ्या की." मग साताऱ्याच्या मेकॅनिकने उचलली. मग आणखी दोघांनी.

आबासाहेबांनी खिशातून मोबाइल काढला. समोरच्या कोल्ड स्टोअरला, म्हणजे इथल्या किराणा दुकानाला, फोन लावला. पाण्याचा नवा खोका मागवला.

खोका रस्ता ओलांडून येताना मी पाहिला. त्याचं प्लॅस्टिक फाडलं जाईपर्यंत थांबलो. मग कमरेला खोचलेले ग्लोव्हज काढले. फ्रान्सिसला दिले. निघालो. तो बिचारा आयुष्यात गोलात उभा राहिला नव्हता. नंतर कळलं, चार पेनल्टी, चार गोल.

तिसऱ्या दिवशी आबासाहेबांचा फोन. "गंमत केली ती. एवढं मनाला लावून घेतोस व्हय? गोदामावर ये. चहा घेऊ, मिटवू. कराराचा कागद क्लबात माझ्या शब्दावर थांबलाय."

"चहा कशात देणार?" मी विचारलं.

फोन कट झाला.

कागद अजून थांबलेलाच आहे. जून जवळ आला. व्हिसा क्लबचा, खोली क्लबची. माझी झोप उडाली आहे, ते कशाला लपवू? सकाळी एकटा पळतो. मूसा त्याच्या दुसऱ्या नोकरीची ड्युटी नसली की येतो आणि शंभर-शंभर चेंडू मारतो. दुसऱ्या दोन क्लबांना फोन केलेत. वय विचारतात, सांगतो. कुठेतरी सही होईल. नाही झाली तर सामान बांधीन. पण हिद्दच्या गोदामाची पायरी चढणार नाही.

बाराव्या वर्षी केलेला सौदा मी मोडला आहे. गोल माझा आहे, तो मी अंग सोलून कमावला. ही ओंजळ चेंडूसाठी आहे. पाण्यासाठी पुन्हा कोणापुढे होणार नाही.