लेकुरवाळीचं ताट

एका कॉलेजच्या मुलीनं मला सिटी बसमध्ये जागा दिली, तेव्हा माझी लेक सात महिन्यांची झाली होती. नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून पाथर्डी फाट्याकडे जाणारी बस, उभं राहायची पंचाईत. ती मुलगी टुणकन उठली आणि म्हणाली, "काकू, तुम्ही बसा. अशा अवस्थेत उभ्या राहू नका." अशा म्हणजे कशा, हे कळायला मला क्षणभर वेळ लागला. कळलं तेव्हा आजूबाजूचे सगळे माझ्याकडे बघत होते. "अगं, माझं बाळंतपण होऊन गेलंय," एवढं वाक्य बोलायला काय लागतं? मला ते जमलं नाही. मी बसले. वर पोटावर हातही ठेवला, आत खरंच कुणी असल्यासारखा, आणि उतरेपर्यंत तो काढायची हिंमत झाली नाही.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. वडील चांदवडला कांद्याच्या खळ्यावर गोण्या भरायचे. मी बी. कॉम. झाले, नाशिकला नोकरीला लागले, एका ऑफिसात अकाउंट्स बघते. हे मिरवायला सांगत नाही. म्हणजे थोडं मिरवतेही. मेहनत केली की फळ मिळतं, हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, अंगानं अनुभवलेलं आहे. त्यामुळे बाळंतपणात चढलेलं वजन उतरवायचं ठरवलं, तेव्हा मनात शंका नव्हती. रोज पहाटे जॉगिंग ट्रॅकवर चालायला जायचे, साखर सोडली, चहा सोडला. सुरुवातीला वजन भराभर उतरलंही. मग काटा एकाहत्तरवर येऊन बसला तो बसलाच. आठवडे गेले, महिने गेले, हलायचं नाव नाही. नणंद आली की हसायची, "वहिनी, डाएट तुझं आणि बारीक होतोय आमचा दादा!" मीही सगळ्यांसोबत हसायचे आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहायचे.

काटा हलेना म्हणून मी जेवण कमी करत गेले. आधी रात्रीची पोळी बंद केली, मग दुपारचा भात, मग दुपारचं जेवणच वाटीभर दह्यावर आणलं. सासूबाईंनी माझ्यासाठी केलेले डिंकाचे लाडू मी शेजारणीच्या मुलांना वाटून टाकले. लेक अंगावर पीत होती आणि तिचं पोट भरेनासं झालं होतं. पिता पिता ती तोंड काढून रडायची, माझ्याकडे बघायची, पुन्हा धरायची. दूध कमी होतंय हे मला कळत होतं. कळत असून मी जेवत नव्हते. आता या ओळी लिहितानासुद्धा कान गरम होतात, पण खरं ते खरं. त्या दिवसांत लेकीच्या रडण्यापेक्षा तो आकडा मला मोठा वाटत होता.

सप्तशृंगी ही आमची कुलदेवी. लेकीला देवीच्या पायावर घालायचं राहून गेलं होतं, म्हणून मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी आम्ही गडावर गेलो. नवरा, सासूबाई आणि लेक ट्रॉलीनं वर गेले. मी म्हणाले, "आई, मी पायऱ्यांनी येते." सासूबाईंचे डोळे भरून आले. शेजारच्या अनोळखी बाईला त्या म्हणाल्या, "अंगावरचं पोर आहे, तरी सून पायी चढतेय बघा. हल्ली कोण करतं?" मी मान खाली घालून चढू लागले. पायऱ्या चढल्यानं किती चरबी जळते, एवढंच माझ्या मनात होतं.

वर देवीसमोर उभी राहिले. शेंदरी, भव्य, अठरा हातांची आई. तिचं लुगडंसुद्धा साधं पुरत नाही, अकरा वार लागतं. तिच्यापुढे सगळेच लहान दिसतात. माझ्या पुढे एक म्हातारा दोन्ही हात पसरून मोठ्यानं बोलत होता, त्याच्या मुलाला दिसू दे म्हणून. मागे एक बाई हुंदके देत होती. आणि मी काय मागायला आले होते? काटा हलू दे. मनातल्या मनात "आई" म्हणाले आणि पुढचं वाक्य तोंडात अडकलं. एवढ्या मोठ्या दारात एवढंसं मागणं. पुजाऱ्यांनी लेकीला पायावर घातलं, घेतलं, परत दिलं. मी काहीच न मागता पुढे सरकले. म्हणजे सोडून दिलं असं नाही. मागायची लाज वाटली.

उतरतानाही मी पायऱ्याच धरल्या. खाली पोहोचले तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकत होते आणि लेक भुकेनं लालबुंद झाली होती. एका धर्मशाळेच्या ओट्यावर भिंतीकडे तोंड करून मी तिला पदराखाली घेतलं. तिनं दोनदा ओढलं आणि किंचाळून तोंड काढलं. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. येणारे-जाणारे वळून बघू लागले. सासूबाई हळूच म्हणाल्या, "दूध कमी झालंय का गं? खातेस ना नीट?"

"खाते की," मी म्हणाले.

तेवढ्यात धर्मशाळेच्या आतून एक बाई आल्या. साठीच्या असतील, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हात पिठानं भरलेले. माझ्यासमोर उकिडव्या बसल्या आणि विचारलं, "काय व्हयनं माय? चक्कर उनी का?" सटाण्याकडची अहिराणी. चांदवडची असल्यानं मला ती समजते. मी मान हलवली. त्यांनी लेकीकडे पाहिलं. "पोर आंगवर पेस ना?"

"पिते मावशी," मी म्हणाले. पोट भरेल एवढं मिळत नाही, हे नाही सांगितलं.

त्या बाईंचा चेहरा असा उजळला की मला काही कळेना. मागे वळून त्यांनी हाकच मारली, "अवो, सापडनी! देवीनी धाडी दिन्ही!"

मग सगळं कळलं. त्यांच्या सुनेचं बाळंतपण अवघड झालं होतं. बाळ दिवस भरायच्या आधीच जन्मलं, कितीतरी दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं. तेव्हा मावशींनी नवस बोलला होता: बाळ घरी आलं तर गडावर लेकुरवाळी सवाष्ण जेवू घालीन. लेकुरवाळी म्हणजे जिचं मूल अजून अंगावर पितं अशी, आणि घरातली नको, परकी हवी. बाळ घरी आलं होतं, आता नवस फेडायचा होता. गावाहून त्यांनी एक सवाष्ण गाडीत सोबत आणली होती, पण वाटेतच तिला अडचण आली. आता ती ताटावर बसू शकत नव्हती. "सकायपाईन देखी राहिनू," मावशी म्हणाल्या. "आम्ही समदा उपाशी शेतस. तू जेवशी तवय आम्ही जेवसूत. नही म्हनू नको, माय."

माझ्या तोंडून "नको" निघणारच होतं. पुरणपोळी! तूप! पण सासूबाई आधीच उठल्या होत्या. "अगं, देवीचं ताट आहे. ताटाला नाही म्हणतात होय? ऊठ." आणि आत, भिंतीला टेकून बसलेली त्यांची सून माझ्याकडे अशी बघत होती, जणू तिचा जीव माझ्या होकारात अडकलाय. मी उठले.

त्यांनी मला पाटावर बसवलं. कोमट पाण्यानं मावशी माझे पाय धुवायला लागल्या. मी पाय मागे ओढले. टाचा भेगाळलेल्या, घोटे सुजलेले. त्यांनी ते पुन्हा पुढे ओढून घेतले, हळदीकुंकू लावलं. मग ओटी. ओटी भरायची म्हणजे पदर पोटापुढे पसरायचा. जे पोट मी ओढणीनं, पर्सनं, हातानं सगळ्या जगापासून लपवत होते, तेच पुढे करून बसायचं. त्यांनी तांदूळ, नारळ, खण त्या पदरात घातले आणि ओटीला हात लावून स्वतःच्या कपाळाला लावला. लाजेनं मान वर होत नव्हती.

ताट आलं. खापरावरची मोठी पुरणपोळी, वर तुपाची धार, पुरणाच्या कटाची रशी, भात, भजी, कुरडई. मी म्हणाले, "मावशी, एकच. एक पुरे."

"एक?" त्या म्हणाल्या. "एक ते त्या पोरनी शे. तुनी ते आजून वाढेलच नही."

सगळे हसले, मीही हसले. पहिला घास घेतला आणि काय झालं माहीत नाही, डोळ्यांतून पाणी थांबेना. किती महिन्यांनी मी गरम, भरलेल्या ताटावर बसले होते, आणि समोर कुणी मोजत नव्हतं. मीसुद्धा नाही. मावशींनी विचारलं, "तिखट लागनं का माय?"

"हो," मी म्हणाले. त्यांनी निमूट आणखी तूप वाढलं.

जेवण झाल्यावर ते सगळं घर रांगेनं माझ्या पाया पडलं. मावशी पडल्या, त्यांचे मालक पडले. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस, खळ्यावरच्यासारखेच घट्टे पडलेले हात. मी कोण? दिवसभर एका काट्यापायी झुरणारी, स्वतःच्या लेकीला उपाशी ठेवणारी बाई. पण पाटावर बसल्यावर "मी नाही त्या लायकीची" म्हणायचीही सोय नसते. तिथं तुम्ही कुणी उरत नाही. नमस्कार तुमच्यातून पलीकडे जातो. शेवटी ती सून आली. अंगात त्राण नव्हतं, चेहरा ओढलेला, पोटावर पदर गच्च धरलेला. वाकून म्हणाली, "ताई, आशीर्वाद द्या."

मागायला आलेली मी, आणि देण्याची वेळ आली. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तोंडातून निघालं, "पोटभर जेव."

तिनं वर पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरचा ताण सुटला. मी तिला माझ्या शेजारीच बसवून घेतलं, आणि त्यांच्या घरची पंगत बसून ती जेवायला लागेपर्यंत उठले नाही.

परत येताना नांदुरीचा घाट उतरायच्या आधीच लेक पदराखाली शिरली आणि पिता पिता झोपली. पुरणाचं असेल, तुपाचं असेल, दोन घटका बसले त्याचं असेल. मी वाद घालत नाही. पुढे डॉक्टरांनीही हेच सांगितलं, अंगावर पाजताना नीट जेवा, वजनाला वेळ द्या. तेच वाक्य आधीही ऐकलं होतं. ऐकू मात्र त्या पाटावर आलं.

त्या मावशींचं नाव मी विचारलं नाही, त्यांनीही माझं विचारलं नाही. लाज संपली असं म्हणणं खोटं होईल. आरशासमोर ती अजून येते, जाते. पण मेहनतीनं सगळं मिळतं हा माझा ताठा त्या दिवशी जरा वाकला. काही गोष्टी मिळवायच्या नसतात. त्या कुणीतरी वाढतं, आणि आपण फक्त हात पुढे करायचा असतो. गडावरच्या आईनं मला मागू दिलं नाही, तिनं मला जेवू घातलं. आता दुपारी ऑफिसात डबा उघडते तेव्हा आधी हात जोडते, आणि डबा संपवूनच उठते.