सात मिनिटं न हललेलं घुबड

चादरीची घडी अर्धी झाली होती. मधली कड हनुवटीखाली, दोन टोकं दोन हातांत, आणि उरलेली दोन कुणीतरी धरावीत म्हणून मी हाक मारणार तोच मागच्या दाराने भाऊजी आले. अंगात नुसता बनियन, गळ्यात कॅमेरा, आणि जाकीट दोन्ही हातांत तान्ह्या बाळासारखं धरलेलं.

"वहिनी, ती चादर द्या."

"आत्ता धुतलीय हो!"

"म्हणूनच मागतोय."

जाकिटातून एक पांढरं तोंड वर आलं, पत्त्यांतल्या बदामासारखं. त्यात दोन काळेभोर डोळे. घुबड! माझ्या तोंडून देवाचं नाव निघालं, पण ते भक्तीने निघालं असं या रोजवहीत लिहिलं तर खोटं होईल. चादर मात्र गेली.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. आमच्या घराची पुढची खोली हा त्यांचा फोटो स्टुडिओ, आणि समोर नोंदणी कचेरी. त्यामुळे चौतीस वर्षं एकच काम, ओळखपत्राचे फोटो. पांढरा पडदा, एक स्टूल, आणि तीच चार वाक्यं: "चष्मा काढा. कान दिसू द्या. हसू नका. हलू नका." मी लग्न होऊन या घरात आले त्याच आठवड्यात त्यांनी कौतुकाने माझाही फोटो काढला. त्यात मी हरवलेल्या व्यक्तींच्या यादीतली दिसते.

त्यांचं एक व्रत आहे. चेहऱ्यावरचं काही खोडायचं नाही. एकदा एक बाई काकुळतीला आली, "गालावरचा मस तेवढा काढा ना." भाऊजी म्हणाले, "बाई, ती ओळखीची खूण. ती पुसली तर फोटो कुणाचा राहिला?" बाई तडक पुढच्या चौकातल्या स्टुडिओत गेली. तिथून सगळे दुधाने धुतल्यासारखे बाहेर पडतात.

नऊ वर्षांपूर्वी त्यांनी कॅमेऱ्याला लावायचं हातभर लांब भिंग आणलं. "जन्मभर लोकांना हलू नका सांगितलं. एकदा हलणाऱ्याचा फोटो काढून बघतो," म्हणाले. तेव्हापासून दर सुट्टीला पहाटे उठून पक्ष्यांमागे. हाती काय लागलं? फांद्या. पक्षी नुकताच उडून गेलेल्या फांद्या. एकदा एक शेपटी आली, तर घरात पेढे वाटायचं तेवढं बाकी राहिलं. आमचे हे म्हणतात, "माझ्या भावाइतका फांद्यांचा अभ्यास वनस्पतीच्या प्राध्यापकाने केला नसेल."

गावात पक्षी-छायाचित्रकारांचं मंडळ आहे, वर्षातून एकदा त्यांचं प्रदर्शन भरतं. भाऊजींचं पाकीट दरवर्षी जातं आणि माहेरवाशिणीसारखं चार दिवसांत परत येतं. त्या भिंतीवर आपला एक फोटो लागावा, यापलीकडे या माणसाने काही मागितलेलं मला आठवत नाही. म्हणून मीच मागत होते. नऊ वर्षं रोजच्या प्रार्थनेत देवाला सांगत होते, भाऊजींसमोर एखादा पक्षी घटकाभर स्थिर बसू दे. देवाने ऐकलं. मागताना मी वाक्य पुरतं करायला हवं होतं.

त्या पहाटे ते पाणी साचलेल्या जुन्या खाणीकाठी दबा धरून बसले होते. उजाडता उजाडता समोरच्या कुंपणावर घुबड दिसलं, एक पंख पूर्ण पसरलेला आणि मागून कोवळं ऊन. नेमकं उतरतंय असं वाटलं. भाऊजींनी फोटो काढला. घुबड हललं नाही. दुसरा काढला, तिसरा काढला. एक्केचाळीस काढले.

"वहिनी," ते चहाच्या कपाकडे बघत म्हणाले, "मी मनात त्याला म्हणत होतो, शाबास, अस्संच. हलू नको. मग कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो मोठा करून बघितला. पंखातून काटेरी तार आरपार गेलेली. ते उतरत नव्हतं हो. लटकत होतं."

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या चादरीतच त्याला तपासलं. हाड शाबूत होतं, पंखाची कातडी फाटली होती. टाके घालता घालता त्यांनी विचारलं, "किती वेळ अडकलं होतं?"

"कल्पना नाही," भाऊजी म्हणाले. थोड्या वेळाने, कुणी विचारलेलं नसताना, पुन्हा म्हणाले, "माझ्यासमोर सात मिनिटं. कॅमेऱ्यात वेळ येते."

बाईंनी दोरा कापला. मग म्हणाल्या, "वनखात्याला मी कळवते. पण माझ्याकडे दिवसभर कुत्री भुंकतात. तुमच्याकडे अंधारी, शांत खोली आहे?"

होती ना! फिल्मचे रोल धुवायची भाऊजींची काळोखी खोली. डिजिटल आल्यापासून तिथे फक्त कोळी होते. ती झाडून घुबडाचा मुक्काम पडला. खायला ताजे उंदीर. ज्या उंदरांसाठी मी वर्षानुवर्षं शेजारणीकडून पिंजरा मागून आणायचे, ते आता शेजारीण पिंजऱ्यासकट घरपोच आणून द्यायला लागली, वर विचारायची, "पाहुण्यांना चालेल ना हा? जरा बारका आहे."

त्याच आठवड्यात मंडळाचे अध्यक्ष स्टुडिओत आले. ते दातांचे डॉक्टर. आले होते स्वतःचा ओळखपत्राचा फोटो काढायला, आणि संगणकाच्या पडद्यावर घुबड बघून स्टुलावरून उठलेच.

"अहो, काय क्षण पकडलाय! नऊ वर्षं ही नजर कुठे दडवली होतीत?"

"बसा. हलू नका," भाऊजी म्हणाले.

"शनिवारी शेवटची तारीख आहे. मधल्या भिंतीवर लावतो, माझा शब्द. ही खालची तार तेवढी पुसा. दोन मिनिटांचं काम. आणि अर्जावर सही."

अर्जात एक ओळ होती: पक्षी मोकळा होता आणि त्याला कोणताही त्रास झालेला नाही.

"सगळेच करतात हो सही," अध्यक्ष म्हणाले आणि फोटोत हसायचं नसताना हसले.

जेवताना ह्यांनीही तेच सांगितलं. "कर रे सही. घुबड काय साक्ष द्यायला येणार आहे?"

"ते मागच्याच खोलीत आहे, दादा," भाऊजी म्हणाले.

शनिवारी दुपारी चहा घेऊन गेले तर पडद्यावर तार नव्हती. पुसली होती. नुसतं घुबड, हवेत, सोन्यासारख्या उन्हात. मी म्हटलं, "अगंबाई, किती सुंदर!"

"सुंदर आहे," ते म्हणाले. "पण हे आपलं नाही. आपल्या घुबडाला तार होती."

त्यांनी एक बटण दाबलं, तार परत आली. मग अर्ज पुढे ओढून त्या ओळीखाली लिहिलं: "नव्हता. त्रास झाला. सात मिनिटं मी फोटो काढत होतो." खाली सही, स्टुडिओचा शिक्का, आणि पाकीट बंद.

खरं तर माझा ऊर भरून यायला हवा होता. रोज एवढी पोथ्या-पुराणं वाचते मी, खरेपणाचे गोडवे गाते. पण खरं सांगायचं तर मला त्यांचा रागच आला. उद्घाटनाला कोणती साडी नेसायची हे मी ठरवून ठेवलं होतं.

पाकीट चौथ्या दिवशी परत आलं. नेहमी छापील चिठ्ठी असते, या वेळी अध्यक्षांनी हाताने लिहिलं होतं, "इतकं सविस्तर लिहायची काय गरज होती?" भाऊजींनी ती चिठ्ठी नीट घडी घालून खणात ठेवली. नऊ वर्षांत मंडळाने त्यांना लिहिलेलं ते पहिलंच पत्र.

सव्विसाव्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सोडा आता." संध्याकाळी आम्ही चौघं खाणीकाठी गेलो. भाऊजींनी खोकं दगडावर ठेवलं, झाकण काढलं आणि कॅमेरा डोळ्याला लावला. घुबड खोक्याच्या काठावर येऊन बसलं. मान वळवून आमच्याकडे सरळ बघितलं, दोन्ही डोळे समोर, जसं काही अर्जाला चिकटवायचंय.

"उडेल ना हो?" मी बाईंना हळूच विचारलं. त्यांनी ओठावर बोट ठेवलं.

उडालं. इतका मोठा पंख, पण पानाएवढाही आवाज नाही. दोनदा खाली आलं, मग खाणीवरून पलीकडच्या झाडीत शिरलं. इकडे कॅमेऱ्याचा खट्ट आवाज झाला. आम्ही सगळे वाकून बघायला लागलो. फोटोत खोक्याचा काठ होता. अगदी स्वच्छ, स्पष्ट काठ.

"आला बाबा मूळपदावर," हे म्हणाले.

भाऊजी पोट धरून हसले. चष्मा काढून डोळे पुसले, पुन्हा हसले.

परत निघताना ह्यांचा सदरा कशाला तरी अडकला. ह्यांनी तो सोडवला आणि वळून म्हणाले, "काय रे, ही तीच तार ना? ही अजून इथे कुणाची वाट बघतेय?"

सव्वीस दिवस मी त्या पंखासाठी देवाला साकडं घालत होते, भाऊजी स्वतःला दोष देत होते, बाई टाके बघत होत्या. आणि तार होती तिथेच होती. सुचलं ते आमच्या घरातल्या टिंगलखोराला.

आज सकाळी ती चादर पुन्हा धुतली. नखांची भोकं राहिलीत, पण घडीत लपतील. वाळल्यावर एक टोक धरायला भाऊजींना हाक मारली, तर स्टुडिओला कुलूप आणि दारावर पाटी: "अर्ध्या तासात येतो." ते तार कापायची पक्कड आणायला गेलेत.